आज कुठली भाजी

"आजी, आज शेपू."

डक्टपलीकडच्या खिडकीतून आवाज आला आणि कुंदाताई हसल्या. शेजारच्यांकडे कामाला ठेवलेली तेरा वर्षांची चंद्री रोज फोडणीच्या वासावरून त्यांची भाजी ओळखायची. हा खेळ सुरू झाल्यापासून एकट्या राहणाऱ्या कुंदाताईंनी रोजची खिचडी सोडली होती.

"नुसता वास काय घेतेस? ये की जेवायला."

"कशी येऊ? साहेब-बाई जाताना बाहेरून कुलूप लावतात. दिवाळीपासून खाली उतरले नाही मी."

भांडी घासता घासता ती हे सहज बोलून गेली.

कुंदाताईंनी गॅस बंद केला. तक्रार केली तर चंद्री सुटेल, पण मग त्यांची भाजी ओळखायला कोणी उरणार नव्हतं. तरी त्यांनी पोलिसांना फोन केला.

बऱ्याच महिन्यांनी खटला उभा राहिला. कुलूप मुलीच्याच काळजीपोटी लावलं होतं, असं शेजाऱ्यांचे वकील म्हणाले.

"पोलिसांनी ते तोडलं तेव्हा मी तिथे होते," कुंदाताईंनी साक्षीत सांगितलं. "किल्ली मुलीकडे नव्हती."

बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात चंद्रीची आई गावाकडची एसटी चुकेल म्हणून घाई करत होती. चंद्री तिचा हात सोडवून धावत आली आणि तिने कुंदाताईंच्या पदराला नाक लावलं.

"आज मेथी. हो ना, आजी?"

चंद्री गेल्यापासून कुंदाताई पुन्हा खिचडीवर आल्या होत्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या.