झडती

हॉस्पिटलच्या फाटकाशी येताच फिटरचे दोन्ही हात आपोआप वर गेले. समोर उभा वॉचमनही तोच, कारखान्यातला. रोज पाळी सुटताना तो सगळ्यांचे खिसे चाचपायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "उद्या वेळेवर ये."

"हात खाली घे रे बाबा! इथं झडती नसते," वॉचमन पोट धरून हसला. "इथून काय पळवणार, ताप?"

फिटर ओशाळला आणि आत गेला. कारखान्याला टाळं लागल्यापासून तिथली निम्मी माणसं इथंच चिकटली होती. रंगखात्यातले चादरी धूत होते, कॅन्टीनची मावशी वॉर्डात आया झाली होती. फिटर पेशंटच्या खुर्च्या ढकलायच्या कामासाठी आला होता. तयारीही जय्यत होती. सिलिंडरच्या ट्रॉलीवर खुर्ची बांधून त्याने बायकोला आठवडाभर घरात फिरवलं होतं. एकदा कपाटावर आपटली ती, पण नोकरी हवी म्हणून काही बोलली नाही.

हॉलमधल्या टीव्हीवर बातमी चालू होती. राज्यात सगळ्यात जास्त नोकऱ्या आता हॉस्पिटलांत निघतायत म्हणे. निवेदिका खुशीत होती. फिटरचं डोकं मात्र चालेना. सगळेच हॉस्पिटलात कामाला लागले, तर आजारी पडायचं कोणी?

कामावर घेण्याआधी तपासणी होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला वायरी लावल्या, कागद बघितला आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"काका, चालत आलात?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

"हो. बस चुकली."

"आता एक पाऊलही चालायचं नाही. हृदयाच्या शिरा तुंबल्यात. ऑपरेशन आजच करावं लागेल."

"करा की. पण नोकरीचं काय?"

"ते ऑफिसात विचारा."

ऑफिस होतं जिना चढून वर, आणि चालायचं तर नव्हतं. फिटर खाटेच्या कडेला तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने चाकाची खुर्ची आली. ढकलत होता कारखान्यातलाच पॅकिंगवाला, सकाळी नोकरीच्या रांगेत त्याच्या मागे उभा असलेला. अंगावर नवाकोरा गणवेश, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"दादा, तुमची जागा मला दिली हो," तो खाली बघत म्हणाला. "मी मागितली नव्हती."

"चांगलं झालं," फिटर म्हणाला. त्याला भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कोणावर हेच कळेना. पॅकिंगवाल्याची पोरं लहान होती. खुर्ची दाराच्या चौकटीला धडकली तेव्हा फिटरच म्हणाला, "वळताना घाई नको. आधी पाय जाऊ दे माझे."

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, लागली का नोकरी?"

"कळत नाहीये गं."

"असं कसं कळत नाही? खुर्ची दिली का ढकलायला?"

"दिलीय. पण मीच बसलोय तिच्यात."

"उठा आधी! पहिल्याच दिवशी बसलात तर ठेवतील का तुम्हाला?"

फिटरला हसू आलं, पण त्याने फोन कानाशी घट्ट धरला. "तू इकडे ये," तो कसंबसं म्हणाला. "धावपळ करू नकोस. पण ये."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्याचे कपडे काढून घेतले, हिरवा झगा घातला. दुपारी वॉचमनांच्या जागा बदलल्या होत्या आणि त्या दारावर आता फाटकावरचा तोच वॉचमन उभा होता. त्याने खुर्चीतल्या फिटरकडे बघितलं, मग पॅकिंगवाल्याच्या गणवेशाकडे.

दार उघडलं. आतून गार हवेचा झोत आला आणि फिटर घाबरला. त्याचे दोन्ही हात सावकाश वर गेले.

या वेळी वॉचमन हसला नाही. पुढे येऊन त्याने वाकून फिटरच्या दोन्ही कुशी चाचपल्या, अगदी नीट, रोज करायचा तशा. झग्याला खिसा नव्हता. तरीही जिथं खिसा असायचा तिथं त्याचा हात क्षणभर थांबला.

मग फिटरच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "उद्या वेळेवर ये."