खाली लागलेला आलेपाक

आलं वाटून झालं, तरी सहदेव काही बोलला नाही. एरवी पाट्यावर आल्याचा पहिला तुकडा पडला, की खाटेवरून नवऱ्याचे हुकूम सुटायचे, "बारीक वाट गो, रेषा राहिल्या तर दातात अडकतात." आज तो गळ्याला मफलर गुंडाळून, भिंतीला टेकून नुसता बघत होता. वनमालाने दोन तुकडे मुद्दाम जाडेभरडे ठेवले आणि त्याला दिसतील असे कढईत टाकले. तो बघतच राहिला.

उद्या सकाळी त्याला परळच्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं, परवा ऑपरेशन. गाठ स्वरयंत्रावरच आहे, डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. "राहणार नाही म्हणजे?" वनमालाने विचारलं होतं. डॉक्टरांनी सहदेवकडे बघून पुन्हा तेच सांगितलं होतं.

आणि आवाज तरी काय साधासुधा! उभी उमेद मिलमध्ये मागांच्या खडखडाटात गेलेली. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे, तीच सवय घरी आली. संपात मिल गेली, सांताक्रूझला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, तरी पट्टी काही उतरली नाही. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्यांच्या चाळीत वनमालाच्या आमटीत मीठ कमी पडलं, की ते सगळ्या चाळीला कळायचं. नळावर बायका विचारायच्या, "काय गं, आज भात कच्चा होता ना?" वनमालाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या माणसाच्या तोंडाला जरा कुलूप घाल रे बाबा, असं तिने देवाला कितीदा तरी सांगितलं होतं. आता तिला देव्हाऱ्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

डॉक्टरांकडून आल्यापासून तो गप्पच झाला. आवाज घोगरा झाला होता, पण होता. तो वापरायला मात्र तयार नव्हता. तिने आमटी खारट केली, त्याने ती भुरकली. चहात साखर घातली नाही, तोही प्याला. कप खाली ठेवताना उलट तिच्याकडे बघून हसला, आणि ते हसणं तिला मुळीच सहन झालं नाही. तिला फक्त एकदा त्याची बोलणी खायची होती, चांगली सणसणीत, भिंतीपलीकडे ऐकू जातील अशी. परवानंतर ती कुणाची खायची?

म्हणून तिने आज आलेपाकाचा घाट घातला. आलेपाक म्हणजे त्याचा हळवा विषय. गावाकडे त्याची आई थंडीत करायची आणि डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवायची. लग्नानंतर वनमाला दर थंडीत करत आली, आणि दर थंडीत पहिली वडी तोंडात टाकून त्याने एकच निकाल दिला होता, "आयेच्या वडीची सर नाय." वडी कितीही जमो, निकालात कधी बदल झाला नव्हता.

साखर फेसाळली, दूध आटलं. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला. आता हात थांबवायचा नसतो, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. तिने उलथणं बाजूला ठेवलं आणि स्टोव्हला आणखी पंप मारला.

करपल्याचा वास सुटला तशी शेजारची शेवंती दारात येऊन उभी राहिली. "वनमाला, खाली लागतंय गं. लक्ष कुठाय तुझं?"

"असू दे."

शेवंतीने सवयीने खाटेकडे पाहिलं. आता आतून ओरडा येणार म्हणून ती थोडी थांबली. आला नाही तेव्हा पदर नाकाला लावून निघून गेली.

तूप लावलेल्या ताटात वनमालाने गोळा थापला. रंग काळपट आला होता. सुरी फिरवली तर वड्यांचे कोपरे तुटले, काहींचा भुगाच झाला. त्यातल्या त्यात वाईट बघून तिने चार वड्या बशीत काढल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"घ्या."

त्याने एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून सावकाश चघळली. वनमाला बशी धरून उभीच होती. बोला, ती मनातल्या मनात म्हणत होती. वाट लावलीस म्हणा. साखर काय फुकट येते का म्हणा.

घास गिळायला त्याला वेळ लागला.

"चांगली झाली गो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आयेच्या वडीपेक्षा चांगली."

वनमालाने ताटातला एक तुकडा तोंडात टाकला. कडूजहर होता. लांबच्या गावाला निघालेला माणूस जाता जाता शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गोड बोलून घेतो, तसं हा तिच्याशी बोलून घेत होता. तिला रडू यायला हवं होतं, पण संताप आला.

"खोटं बोलायचं असेल ना," ती ताडकन म्हणाली, "तर बोलूच नका माझ्याशी."

शब्द तोंडातून गेले आणि तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली. सहदेवने तिच्याकडे पाहिलं. मग बरं म्हणतात तशी मान हलवली, आणि दुसरी वडी उचलली.