जॅमचा अंगठा

"याला आधी कुठे घासलंबिसलंत का?" नाणं कडेनं धरून बाईंनी विचारलं.

"याला नाही," दातांची डॉक्टर म्हणाली. "याच्या भावाला घासलं."

तिनं पर्समधून दुसरं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. तेही तांब्याचंच, तसंच जहाजाचं चित्र असलेलं. पण हे बाटलीच्या झाकणासारखं चमकत होतं. डाग काढणं हा डॉक्टरचा रोजचा धंदा. रविवारी दुपारी तिनं दातांना पॉलिश करायची पेस्ट घेतली, फिरता ब्रश लावला आणि अर्ध्या मिनिटात काम फत्ते केलं. "वा, आरसाच झाला की!" नवरा म्हणाला. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. जहाज शिल्लक होतं, पण त्याच्या शिडांवरच्या बारीक रेघा गेल्या होत्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात दोन चष्मे, तिसरा डोळ्यांवर. चष्म्याच्या दुकानावरच्या या एका खोलीत त्या चाळीस वर्षं जुनी नाणी साफ करत होत्या. टेबलावर झाकणाच्या काचेच्या बश्या, कापूस, लाकडी काड्या आणि मान वाकवणारा दिवा. खोलीला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास.

"अहो डॉक्टर, हे काय दात आहेत? शंभर वर्षांत तांब्यावर साय धरते. ती तुम्ही खरवडून काढलीत. आता हे नळाला वायसर म्हणून लावा."

"म्हणूनच हे दुसरं तुमच्याकडे आणलं," डॉक्टर म्हणाली. "यावरचा तेवढा डाग काढून द्या. मग बाबांचा सगळा संग्रह विकून मी मोकळी."

डाग शिडांच्या बरोबर मध्यभागी होता. काळपट, लहानसा, अंगठ्याच्या आकाराचा. तो तिचाच होता. सात वर्षांची असताना ब्रेड-जॅम खाता खाता ती बाबांच्या खोलीत गेली होती आणि टेबलावरचं सगळ्यात लाल, सगळ्यात सुंदर नाणं तिनं उचललं होतं. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारलं नाही त्यांनी. पण असे ओरडले की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला उंचावर कडी बसली आणि दारावर हिरव्या शाईतला कागद लागला: कोणीही हात लावू नये.

कागद पिवळा पडला, कडी गंजली, ती डॉक्टर झाली, तरी त्या खोलीत तिनं परत पाय ठेवला नाही. बाबांनीही कधी ये म्हटलं नाही. दर रविवारी सकाळी दाराच्या फटीतून ते दिसायचे. शंभर नाणी सोडून तेच एक नाणं भिंगाखाली धरून बसलेले. माणूस किती डूख धरू शकतो, याचं तिला नवल वाटायचं. तिला बाबांचा राग होता, आणि खरं सांगायचं तर नाण्यांचा हेवाही वाटायचा. महिन्यापूर्वी बाबा गेले. संग्रह तिच्या नावावर निघाला, तेव्हा तिला वाटलं, जाता जाताही टोमणा मारून गेले.

बाईंनी नाणं दिव्याखाली धरलं. भिंग लावलं. मग ते खाली ठेवलं आणि चष्मा बदलला.

"यावर लेप आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो माझ्या हातचा आहे. वडिलांचं आडनाव काय म्हणालात?"

डॉक्टरनं सांगितलं. बाई उठल्या. भिंतीला लागून पत्र्याची ड्रॉवरं होती. सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये बराच वेळ खुडबुड करून त्यांनी एक जाड कार्ड काढलं. ते वाचलं, आणि चष्म्यावरून डॉक्टरकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ती तू!"

"कोण मी?"

"जॅमवाली. अगं, तुझे बाबा रागानं लालबुंद होऊन आले होते. दुसऱ्याच दिवशी. 'आत्ताच्या आत्ता काढा' म्हणाले. डाग ताजा होता, एका बुडकीत निघून गेला असता. मी त्यांना भिंग दिलं, म्हटलं, बघा, अजून तांब्यात उतरलेला नाही. ते बघत बसले. मी बश्या धुतल्या, चहा केला, तो निवला, तरी बघतच होते. मग म्हणाले, कार्ड द्या इकडे."

"मग?"

"मग काय, वाच की. अक्षर ओळखशील ना?"

डॉक्टरनं कार्ड हातात घेतलं. हिरवी शाई, ताठ बारीक अक्षरं. ग्राहकाची सूचना म्हणून पहिली ओळ होती, 'अंगठ्याचा डाग समूळ काढावा.' ती पट्टीनं रेघ मारून खोडली होती. खाली त्याच शाईत लिहिलं होतं:

'काढू नये. पुसला जाऊ नये म्हणून वरून लेप द्यावा. माझ्या मुलीचा अंगठा आहे. कोणीही हात लावू नये.'