उलटं इंजिन

नानासो मिस्त्रींनी पहिलं इंजिन सुरू केलं आणि धक्क्यावरच्या लोकांनी कान टवकारले. कोयनेच्या पाण्यावर ट्रॅक्टरचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. सहा बोटवाले मुद्दाम धंदा सोडून बघायला बसले होते. वीरधवलची बोट नीट पळाली, तर त्यांच्याही बोटींचं काम नानासोंना मिळणार होतं. नाही पळाली, तर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. इस्लामपूरचं गॅरेज बंद करून येताना अख्ख्या गल्लीला ते सांगून आले होते, "बोट म्हंजी काय, बिनचाकाचा ट्रॅक्टर!"

बोट मूळची गोव्याची, शर्यतीची. लांब नाकाची, लालभडक. वीरधवलनं ती पर्यटकांना फिरवायला हौसेनं घेतली आणि हौस अंगाशी आली. तिची दोन्ही इंजिनं पेट्रोल पीत नव्हती, ढोसत होती. ते पेट्रोल घाट चढून साताऱ्याहून कॅननं आणायचं. तीन वर्षं वीरधवल जेवताना, झोपताना, देवापुढं दिवा लावतानासुद्धा पेट्रोलच्या नावानं खडे फोडत होता. शेवटी त्यानं नानासोंना बोलावलं आणि त्यांनी महिनाभरात ट्रॅक्टरची दोन एकसारखी डिझेल इंजिनं बसवून दिली.

जुनी इंजिनं काढताना नानासोंना एक गंमत दिसली होती. एक सुलटं फिरायचं, दुसरं उलटं. "कुण्या अडाण्यानं उलटं बसिवलंय बग," असं म्हणून ते पोटभर हसले होते. आपण दोन्ही एकाच दिशेला फिरणारी घातली, गोवेकराची चूक सुधारली, याचा त्यांना भारी अभिमान होता.

बोटीत तिघंच होते. चाकावर वीरधवल, इंजिनांपाशी नानासो आणि मागच्या गादीवर वीरधवलची आई रंगुबाई, मांडीवर नारळ घेऊन. पंच्याहत्तरीची म्हातारी. तिचं माहेर याच धरणाखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा भैरोबाची मूर्ती वर नव्या गावठाणात आणली, पण देव असा बाडबिस्तरा बांधून हलत नसतो, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या लेखी तो अजून पाण्याखाली, आपल्या देवळातच बसलेला होता.

"मिस्त्री, डिझेलवर सावकास जाईल न्हवं?" तिनं विचारलं. "पेट्रोलवर लय पळायची. हात जोडायच्या आत द्येव मागं पडायचा."

नानासोंच्या जिव्हारी लागलं. "सावकास? मावशी, बाणावानी जाईल बगा!"

पण नव्या ट्रॅक्टरला कुणी पहिल्याच दिवशी भरल्या ट्रॉल्या जोडत नाही. त्याच हिशेबानं नानासोंनी निम्म्या वाटेपर्यंत बोट एकाच इंजिनावर नेली. ती जरा एका अंगाला ओढत होती, पण गुमान चालली. डोंगरातली खिंड नाकासमोर आली तशी रंगुबाईनं पदर सावरून हात जोडले. पाण्याखालचं देऊळ तिथंच होतं. नेमकं तिथंच नानासोंनी दुसरं इंजिन सुरू करून त्याचा दांडा पुढं ढकलला.

बोटीनं नाक उजवीकडं वळवलं. वीरधवलनं चाक डावीकडं फिरवलं. बोट ऐकेना. ती गोल फिरून होती तिथं आली. बोटीखालचे पंखे जुनेच होते, एकाची पाती सुलटी, दुसऱ्याची उलटी; त्यामुळं आता एक पंखा पुढं रेटत होता, दुसरा मागं ओढत होता. नानासोंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोवेकर अडाणी नव्हता. पण हे कबूल करायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी दोन्ही दांडे आणखी पुढं सारले. दुसरी फेरी जोरात झाली. तिसऱ्या फेरीला धक्क्यावरून शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या.

"मिस्त्री, मळणी लावलीया का काय?" वीरधवल ओरडला. "बंद करा की ते!"

"थांब रं, नवं इंजिन हाय, रुळाय येळ लागतो!" नानासो म्हणाले खरे, पण त्यांना लाजेनं पाण्यात उडी टाकावीशी वाटत होती. सहा बोटींचं काम डोळ्यांदेखत बुडालं होतं. चौथी फेरी संपली तसा त्यांनी इंजिन बंद करायला हात घातला.

रंगुबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नगंस. आजून एक ऱ्हायलीया."

नानासोंनी हात मागं घेतला. बोट आणखी एकदा गोल फिरली. मग म्हातारीनंच मान हलवली आणि त्यांनी इंजिनं बंद केली. तिनं काठाच्या लोखंडी कडीवर नारळ फोडला, पाणी पाण्यात सोडलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मावशी, चूक माजी हाय," नानासो मान खाली घालून म्हणाले. "दोनी इंजिनं एकाच बाजूला फिरणारी घातली."

"आसूंदे. उजवीकडनंच फिरली न्हवं? मग झालं." तिनं वीरधवलकडं बोट केलं. "ह्यो पोटात हुता तवा भैरोबाला बोलले हुते. पोरगं सुखरूप दे, पाच परदक्षिणा घालीन. पंचेचाळीस वरसं ऱ्हाईल्या हुत्या."

वीरधवलनं चाक सोडून कपाळावर हात मारला. "आगं आये, बोट घेऊन तीन वरसं झाली! रोज इथनं जातो की आपुन. एकदा म्हनायचं न्हाईस व्हय? आपुन मुद्दाम फिरवली आसती!"

रंगुबाईनं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"तुजं पेट्रोल जळलं आसतं, लेकरा."