डावा कान

खडीच्या खाणीत सुरुंग जवळच उडाला आणि माझ्या मुलाचा, भीमाशंकरचा डावा कान बधिर झाला. उजव्यानं आधीच कमी ऐकू येतं. डावाही गेला तर सुरुंगाआधीची शिट्टी त्याला कळणार नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून सुई घालून आतली नस वाचवायचं औषध सोडलं. आज तिसरं, शेवटचं इंजेक्शन झालं. "आता ऐकू यायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "पण पडद्याला भोक आहे. तेल-पाणी गेलं तर पू होऊन कान जाईल." अफजलपूरला घरी येताच भीमाशंकर उजवा कान उशीत दाबून झोपला. मी हातपाय धुऊन आत आलो, तर सून त्याच्या उशाशी बसलेली. तिच्या हातातली लसणाच्या कोमट तेलाची पळी डाव्या कानावर कलत होती. "अंबिका, न्हाई!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. दचकून तिनं हात मागं घेतला. पळी फरशीवर आदळून खणखणली. "कामून ओरडायलाव मामा? ठणकू नये म्हणून घालायलेय," ती म्हणाली. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तशी तिनं पदर तोंडाला लावला. कानात थेंबही गेला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मग आम्ही दोघांनी भीमाशंकरकडे बघितलं. तो हललाही नव्हता. "दमलेत, गाढ झोप लागली असंल," अंबिका म्हणाली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "मामा, आणखी एकदा हाक मारून बघा की." माझं धाडस झालं नाही.