भारोभार गूळ

शेवंता जन्मली तेव्हा रडलीच नव्हती. पोर वाचली तर तिच्या भारोभार गूळ वाहू, असा नवस सासूबाई देवीला बोलल्या. पण दर यात्रेला तेवढ्या गुळाचे पैसे काही जमेनात. हे हसून म्हणायचे, "पोरगी वाढून राह्यली, अन् तिच्यासंगं नवसबी वाढून राह्यला."

यंदा पावसाळ्यात तिला हगवण लागली. आर्वीच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा फ्रॉक खांद्यावर ठरत नव्हता. "देवीचं देणं थकवलं, म्हणून हे झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेचच्या मंगळवारी आम्ही देवळात गेलो.

आमच्या आधी रूपरावजींच्या गुबगुबीत नातवाची तुला झाली, पेढ्यांची. पेढ्यांचे डबे ठेवता ठेवता पुजारी घामाघूम झाला. "अशा भक्ताले देवी काऊन नाई देणार!" बाया आपसात बोलत होत्या.

मग मी शेवंताला पारड्यात बसवलं. ती माझं बोट सोडेना, ते पुजाऱ्यानं सोडवलं. दुसऱ्या पारड्यात त्यानं आमची गुळाची एकुलती ढेप ठेवली, तशी शेवंता एकदम वर गेली. सुरी मागवून ढेपेचा बराच गूळ कापून काढावा लागला, तेव्हा कुठे काटा बरोबर आला.

उरलेला गूळ सासूबाईंनी पदरात बांधला. भरल्या डोळ्यांनी देवीपुढे हात जोडले.



"पोरगी वाचवली, अन् नवसबी आमच्या ऐपतीत बसवला तुनं, माय!"