ऐकू येईल इतकंच लांब

"कुत्रीनं धन्याला ऐकू येईल इतकंच लांब जावं," म्हातारा व्हर्लिन म्हणायचा. त्याचे कान मंदावत गेले, तशी रात्री रानात रॅकूनच्या शिकारीमागे धावणारी त्याची कुत्री ड्युसी दरवर्षी थोडी जवळ राहून भुंकू लागली.

यंदा ती पुरात वाहून गेली आणि तो ठार बहिरा झाला. तरी हरवलेल्या कुत्र्यानं वासावर परतून थांबावं म्हणून शिकारी ठेवतात, तसा त्यानं रात्री आपला कोट टेकडीवर अंथरला.

"बुडालेलं कुत्रं कोटावर येऊन बसतंय होय!" बायको ओडेसा करवादली. त्याला कुठलं ऐकू जातंय!

सकाळी दोघं टेकडीवर गेली, तर गवत हिमानं पांढरं झालं होतं. कोट मात्र कोरडा होता. ओडेसानं हात लावला, तर गरम.

व्हर्लिननं मान वर केली. "ऐक, भुंकतेय!"

तिला काहीच ऐकू आलं नाही. "किती लांब?" तिनं खुणेनं विचारलं.

हसत त्यानं हात गुडघ्यापाशी नेला. तो कुणाच्या डोक्यावर टेकावा तसा हवेतच अडला. वर आला तेव्हा तळवा ओला होता.